‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका
वाचकांचे प्रश्न : रक्तविकार असलेल्या मुलांची शुश्रूषा

गेल्या दोन महिन्यांत या सदरासाठी जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांची सुरुवात ‘आमच्या लेकराला रक्त कमी आहे’ अशी होती. नागपुरात बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून आणि पुढे परिचर्या शिकवण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. उमरेड, काटोल, रामटेकपासून थेट गडचिरोलीपर्यंतच्या आयांच्या तोंडून हे वाक्य मी त्या काळात जवळजवळ रोज ऐकले. हे वाक्य लक्षण सांगते, आजार सांगत नाही. लोहाची कमतरता आणि सिकलसेल व थॅलेसेमिया हे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार, या तिन्हींत मूल फिकट दिसते, लवकर दमते, चिडचिड करते. पण एकाला जे औषध तारते, ते दुसऱ्याला बाधू शकते. म्हणून प्रत्येक उत्तरात मी आधी आजाराचे नाव नक्की करण्याकडे लक्ष दिले आहे आणि मगच शुश्रूषेकडे वळले आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या मुलाचे हिमोग्लोबिन ८.२ आले. औषधाच्या दुकानातून लोहाचे सिरप आणून तीन महिने दिले, बीटाचा रसही रोज देते. तरी ते ८.४ वरच आहे. टॉनिक बदलावे का? (एक आई, काटोल)

टॉनिक बदलू नका, आधी कारण शोधा. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात योग्य मात्रेने औषध दिले, तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढायला हवे. आपल्याकडे तीन महिन्यांत ते जागचे हलले नाही, याचा अर्थ मात्रा अपुरी आहे, किंवा देण्याची पद्धत चुकते आहे, किंवा शरीरातून रक्त कोठेतरी जाते आहे, किंवा मुळात आजारच वेगळा आहे.

उपचाराची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते आणि ती सहसा दर किलोमागे दिवसाला सुमारे ३ मिलिग्रॅम शुद्ध लोह अशी असते. बाटलीवर लिहिलेले आकडे कधी क्षाराचे असतात, कधी शुद्ध लोहाचे. त्यामुळे ‘एक चमचा’ हे माप फसवे ठरते. अंगणवाडीतून आठवड्यातून दोनदा मिळणारे १ मिलिलिटर सिरप हे कमतरता होऊ नये म्हणून असते, झालेली भरून काढण्यासाठी ते पुरत नाही. औषध दुधाबरोबर दिले, तर लोह नीट शोषले जात नाही. दीड वर्षाचे मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त गायी-म्हशीचे दूध पीत असेल, तर त्याची जेवणाची भूक मरते आणि लोहही मिळत नाही. रक्तक्षयाच्या मुलांच्या आयांना मी सर्वांत आधी दुधाचाच हिशेब विचारत असे. आपण तर संत्र्यांच्या गावात राहता. दोन जेवणांच्या मध्ये औषध देऊन त्यामागे संत्र्याच्या चार फोडी दिल्यास शोषण सुधारते. बीटाचा रंग लाल असला, तरी त्यात लोह फार नसते. त्यापेक्षा डाळी, हिरव्या पालेभाज्या आणि घरात चालत असल्यास अंडी-मांस यांवर भर द्यावा. औषधाने शी काळी होते, तिला घाबरू नये. बाटली मात्र मुलाच्या हाती लागणार नाही अशीच ठेवावी, कारण लोहाच्या औषधाची जादा मात्रा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर बाळाची हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी, म्हणजे एचपीएलसी, करून घ्यावी. विदर्भात हा आग्रह मी मुद्दाम धरते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाला लोहाची कमतरता तपासणीत सिद्ध झाल्याशिवाय लोह देऊ नये. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते, आणि औषधाच्या दुकानातून आणलेले ‘रक्त वाढवायचे टॉनिक’ त्यात आणखी भर घालते. लोहाचीच कमतरता निघाली, तर हिमोग्लोबिन भरून आल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू ठेवावे लागते, कारण शरीरातली शिल्लक त्यानंतर भरते.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, वजन १७ किलो, सिकलसेल एसएस पॅटर्न. मे महिन्यात आणि डिसेंबरात, दोन्ही वेळेला तिला हातापायांच्या कळा येतात. घरी काय करावे आणि केव्हा थांबू नये? (एक वडील, उमरेड)

आपण दोन्ही महिने नेमके सांगितलेत, त्यातच निम्मे उत्तर आहे. एसएस पॅटर्न म्हणजे सिकलसेलचे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेले. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकाच अमिनो आम्लाचा बदल झालेला असतो. प्राणवायू कमी पडला, की असे हिमोग्लोबिन पेशीच्या आत जुडगे करते आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी ताठ होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून मूल फिकट राहते व डोळे पिवळसर दिसतात. आणि ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कळा येतात. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, ताप, अतिश्रम ही त्या अडकण्याची नेहमीची निमित्ते आहेत. मे महिन्यात नागपूर-उमरेडचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा पाणी घटते, आणि डिसेंबरच्या पहाटे गारठा रक्तवाहिन्या आवळतो.

१७ किलोच्या मुलीला एरवीच्या दिवशीही सव्वा ते दीड लिटर द्रव लागते, नवतपाच्या दिवसांत त्याहून अधिक. ‘पाणी पी’ असे सांगून लहान मूल पाणी पीत नाही. तिची स्वतःची बाटली ठेवा, ती दिवसातून किती वेळा भरली हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणेने लिहा, आणि ताक, पन्हे, वरणाचे पाणी यांचाही हिशेब त्यात धरा. कूलरच्या थेट झोतात तिला झोपवू नका. घामाने भिजलेल्या अंगावर आलेला गार वारा कळा सुरू करू शकतो. हिवाळ्यात अंघोळीनंतर लगेच अंग कोरडे करून मोजे घालावेत.

कळ आली, तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेले वेदनाशामक लगेच द्या, कळ असह्य होईपर्यंत वाट पाहू नका. दुखऱ्या भागाला कोमट कापडाने शेका. बर्फ कधीही लावू नका, कारण थंडीने वाहिनी आणखी आवळते. पॅरासिटामॉल देण्यापूर्वी मात्र थर्मामीटर लावून ताप लिहून ठेवा. ही गोष्ट छोटी वाटते, पण औषधाने ताप उतरतो आणि आतला जंतुसंसर्ग झाकला जातो. दवाखान्यात पोचेपर्यंत अंग गार लागते आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असणारे व जंतूंना अडवणारे इंद्रिय, लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. म्हणून १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्यापुढे ताप गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी निघावे. पाच वर्षांपर्यंत रोज द्यायचे पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस हे त्याच धोक्यासाठी असते. आपली मुलगी सहा वर्षांची आहे, तेव्हा यांपैकी काय झाले आणि काय राहिले, हे लसीकरणाच्या कार्डासह डॉक्टरांना विचारून घ्या.

आणखी काही खुणा आपण स्वतः शिकून घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डाव्या बरगडीखाली बोटांनी हलके दाबून प्लीहा कशी चाचपायची, हे पुढच्या भेटीत सिस्टरकडून हात धरून शिका. मूल एकाएकी पांढरेफटक पडले आणि डाव्या बाजूचे पोट फुगले, तर प्लीहेत रक्त साठत असते व वेळ फार थोडा असतो. छातीत दुखून खोकला आणि धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, या स्थितीतही घरच्या उपायांत वेळ घालवू नका.

हायड्रॉक्सीयुरिया सुरू असेल, तर ते रोजचे औषध आहे, कळ आल्यावर घ्यायचे नव्हे. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, त्याचे प्रमाण ते वाढवते आणि त्याने कळांची संख्या घटते. कळा नाहीत म्हणून घरच्यांनी ते परस्पर बंद करणे, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. ठरलेल्या अंतराने रक्ततपासणी करावी, आणि कॅप्सूल उघडून द्यावी लागत असल्यास ती उघड्या हाताने हाताळू नये. गर्भवती स्त्रीने तर हाताळूच नये.

प्रश्न : शाळेतल्या सिकलसेल तपासणीत माझी मुलगी ‘वाहक’ निघाली. नातेवाईक तिला आजारी समजतात. तिला औषध द्यावे का? (एक आई, रामटेक)

नाही. वाहक, म्हणजे एएस पॅटर्नची मुलगी आजारी नसते; सिकलसेलचे जनुक तिच्याकडे एकाच पालकाकडून आलेले असते, तिला त्यासाठी औषध लागत नाही आणि खेळापासून तिला रोखण्याचे कारण नाही; उन्हात खेळताना पाणी भरपूर प्यावे, इतकेच पुरे. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून विवाहाआधी समोरच्या मुलाची तपासणी करावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी ठरली आहे. आपल्या पतीची, आपली आणि मुलीच्या भावंडांची तपासणीही करून घ्या. नातेवाइकांना तिचे कार्ड दाखवण्याची गरज नाही; ती माहिती तिची आहे.

प्रश्न : मी जीएनएमच्या (परिचर्येच्या पदविकेच्या) तिसऱ्या वर्षाला नागपुरात शिकते. आमच्या वॉर्डात थॅलेसेमियाची मुले दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येतात. ती आणि त्यांच्या आया इतक्या सरावलेल्या असतात, की आम्हीच नवख्या वाटतो. आम्ही नेमके काय पाहायचे?

आपण हे विचारलेत याचा मला फार आनंद झाला, कारण या सरावातच धोका असतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाची दोन मुले होती. पिशवी हातात घेऊन मी नाव वाचले, मुलाने ‘हो’ म्हटले, आणि त्याची आई म्हणाली, “सिस्टर, याचा गट ओ आहे, पिशवीवर बी लिहिले आहे.” त्या आईने वाचवले. तेव्हापासून मी मुलाला ‘तू अमुकच ना?’ असे कधी विचारले नाही. ‘तुझे पूर्ण नाव सांग’ असे विचारले, मनगटावरची पट्टी, नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक, गट आणि मुदत ही सारी दुसऱ्या परिचारिकेसोबत खाटेजवळ उभे राहून मोठ्याने वाचली. टेबलावर बसून केलेली पडताळणी ही पडताळणी नव्हे.

पिशवी लावण्यापूर्वी तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब लिहा, कारण पुढे काय बदलले हे ठरवायला सुरुवातीचा आकडा लागतो. रक्तपेढीतून आणलेली पिशवी अर्ध्या तासात सुरू करावी आणि चार तासांच्या आत संपवावी. ती गरम पाण्यात बुडवू नये, नळीत नॉर्मल सलाईनखेरीज काहीही सोडू नये. पहिली १५ मिनिटे थेंब संथ ठेवून मुलाच्या खाटेजवळच थांबायचे. थंडी वाजणे, ताप एका अंश सेल्सिअसने चढणे, अंगावर गांधी उठणे, पाठ किंवा छाती दुखणे, धाप, लघवी गडद होणे, यांपैकी काहीही दिसले तर सर्वांत आधी रक्त थांबवा, नवा सेट लावून सलाईनने शीर चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा आणि ती पिशवी नळीसह रक्तपेढीला परत पाठवा. डॉक्टर येईपर्यंत ‘थोडे संथ करून पाहू’ हा विचार मनात आणू नका. आणि आई म्हणाली, ‘आज हा नेहमीसारखा वाटत नाही’, तर तेही निरीक्षण म्हणून लिहा. ती त्याला दर तीन आठवड्यांनी याच खाटेवर पाहते, तुम्ही बदलत असता.

रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ च्या दरम्यान राहावे, असे उद्दिष्ट असते. ते सतत ७-८ वर घसरत राहिले, तर अस्थिमज्जा रक्त बनवण्याच्या धडपडीत फुगते, चेहऱ्याची हाडे बदलतात आणि प्लीहा वाढते. म्हणून मूल ‘ठीक दिसते’ म्हणून आठवडाभर पुढे ढकललेली तारीख ही किरकोळ गोष्ट नसते. थॅलेसेमिया, सिकलसेल व हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना रक्तपेढीने प्रक्रिया-शुल्क न घेता रक्त द्यावे असे शासकीय धोरण आहे. पैशांमुळे तारीख चुकवणाऱ्या कुटुंबाला हे सांगणे आपल्या कामाचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न लोहाचा. एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे जवळजवळ नाही. ते हृदयात, यकृतात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठते. त्यासाठी लोह बाहेर काढणारी औषधे असतात. डिफेरासिरॉक्स दिवसातून एकदा घ्यायचे असते आणि त्यात मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या लागतात. डिफेरिप्रोन घेणाऱ्या मुलाला ताप आला, तर औषध थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी, कारण त्या धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. बारा-तेरा वर्षांची मुले ही औषधे गुपचूप टाकून देतात. ‘औषध घेतोस ना?’ असे दटावून विचारले, की ‘हो’ हेच उत्तर येते. ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेले?’ असे विचारले, तर मूल खरे सांगण्याची शक्यता वाढते. या मुलांच्या शिरा आयुष्यभर पुरायच्या आहेत, तेव्हा कोणत्या हाताला सुई लावायची हे त्यालाच विचारा आणि दोन प्रयत्न फसले, तर तिसरा स्वतः न करता अनुभवी सिस्टरला बोलवा.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला हिमोफिलिया ए आहे. पडल्यावर गुडघा सुजला, शेजारच्या बाई म्हणाल्या शेका. त्यांच्या सिकलसेलच्या मुलाला शेकल्याने बरे वाटते. कोणाचे ऐकावे? (एक वडील, नागपूर)

त्या बाईंचा सल्ला त्यांच्या मुलासाठी अगदी बरोबर आहे आणि आपल्या मुलासाठी चुकीचा आहे. सिकलसेलमध्ये वाहिनी अडलेली असते, तिला ऊब हवी असते. हिमोफिलियात सांध्यात रक्त झिरपत असते, ऊब दिली तर ते वाढते. गुडघा हलवू नये, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा, हलकी पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा, आणि त्याच वेळी फॅक्टर आठ (रक्त गोठण्यासाठी लागणारे, या मुलांत कमी असलेले प्रथिन) देण्यासाठी निघावे. बर्फ ही वाटेतली मदत आहे, उपचार फॅक्टरचाच. सूज दिसेपर्यंत थांबू नका. मूल लंगडू लागले किंवा ‘आत गुदगुल्या होतात’ म्हणाले, तरी ती सुरुवात असू शकते. डोक्याला मार लागला, तर खूण नसली तरी आधी फॅक्टर, मग स्कॅन. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. स्नायूत इंजेक्शन देऊ देऊ नका. लसी मात्र चुकवू नका. त्या त्वचेखाली किंवा अगदी बारीक सुईने देता येतील का, हे आधी विचारावे आणि नंतर त्या जागी किमान पाच मिनिटे न चोळता दाबून धरावे.

प्रश्न : तापानंतर दोन आठवड्यांनी मुलीच्या पायांवर लाल ठिपके आणि निळे डाग आले. प्लेटलेट १८ हजार. डॉक्टर ‘आयटीपी’ म्हणाले आणि पेशी न चढवता घरी पाठवले. हे योग्य आहे का? (एक आई, नागपूर)

मूल खेळते-जेवते आहे आणि ठिपक्यांशिवाय रक्तस्राव नाही, तर हे योग्य आहे. आयटीपीत शरीरच स्वतःच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, नष्ट करते, त्यामुळे चढवलेल्याही टिकत नाहीत. आणि बहुतेक मुले सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. नागपुरात डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटच्या आकड्याची जी भीती बसली आहे, ती येथे लावू नये. सायकल, झाडावर चढणे, धक्काबुक्कीचे खेळ काही दिवस बंद ठेवा, मऊ ब्रश द्या. नाकातून रक्त आले, तर मुलीला पुढे झुकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे चिमटीत धरा. थांबले नाही, शी काळी झाली, किंवा तीव्र डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या, तर ताबडतोब रुग्णालयात जा.

प्रश्न : मी आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. सिकलसेलचा नऊ वर्षांचा एक मुलगा रोज रात्री अंथरूण ओले करतो. संध्याकाळी सहानंतर त्याचे पाणी बंद केले, तरी फरक नाही. इतर मुले चिडवतात. काय करावे?

पाणी आजच सुरू करा, ही माझी पहिली विनंती आहे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता लहानपणीच घटते. पाणी कमी प्याले, तरी लघवी पातळ आणि भरपूरच होत राहते. तेव्हा पाणी तोडल्याने अंथरूण कोरडे राहत नाही, मुलाचे रक्त मात्र दाट होते आणि त्याच रात्री कळा सुरू होऊ शकतात. हा त्याचा हट्ट नाही, आळस नाही आणि शिक्षेने तो बदलणार नाही.

झोपण्यापूर्वी त्याला लघवीला पाठवा, रात्री अकराच्या फेरीत आणि पहाटे एकदा उठवा, गादीवर रबराची चादर घाला आणि त्याची खाट दाराजवळ, दिव्याच्या उजेडात ठेवा. ओली चादर त्याने इतरांसमोर वाहून नेऊ नये, एवढी व्यवस्था आपण नक्कीच करू शकाल. वर्गशिक्षकांना सांगा, की हा मुलगा तासाला बाटली जवळ ठेवेल आणि लघवीला जाण्यासाठी त्याला परवानगी मागावी लागणार नाही. लघवी करताना जळजळ किंवा ताप असेल, तर जंतुसंसर्ग आहे का हे तपासून घ्यावे. थंडीत पहाटेची गार पाण्याची अंघोळ आणि मैदानावरची धाव त्याला माफ करावी. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट आहेत, म्हणून त्याच्या प्रमाणपत्रासाठी पालकांना मदत करा. पुढे परीक्षेतील सवलतींसाठी ते उपयोगी पडते.

आपल्या कार्यालयात एक कागद लावा : मुलाचे नाव, पॅटर्न, रक्तगट, चालू औषधे, जवळचे रुग्णालय आणि रात्री मिळू शकेल अशा वाहनाचा दूरध्वनी क्रमांक. त्याखाली लाल शाईने लिहा, ‘१०१ अंश ताप : अधीक्षिकेच्या परवानगीची वाट न पाहता लगेच न्यावे.’ रात्रपाळीच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला तो एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि त्या कागदाजवळच चालू स्थितीतला थर्मामीटर ठेवा.